आईच्या गालावरचं पीठ

आमच्या लालबागच्या खोलीत कॉटखाली सतरा डबे होते आणि त्यातल्या एकाही डब्यात खायचं काही नव्हतं. टाल्कम पावडरचे, बिस्किटांचे, एक तर माझ्याच लहानपणीच्या दूध पावडरचा, त्याच्यावरचं हसरं बाळ घासून घासून अर्धं गेलेलं. सगळ्यात पप्पांचे रंग. मी पाच-सहा वर्षांची असेन, घरी पाहुणे आले, आई म्हणाली, जा गो, बेसनाचा डबा आण, आणि मी नेऊन दिला तो पप्पांचा पिवळा. पुढं काय झालं ते सांगत नाही, पण त्या दिवसापासून फळीवरचे डबे आईचे आणि कॉटखालचे पप्पांचे अशी घराची वाटणी झाली, आणि मी कुठलाही डबा उघडायच्या आधी दोनदा विचारायला लागले. अजून विचारते. सासूबाई म्हणतात, अगं साखरच आहे ती, उघड.

हे लिहितेय तेव्हा माझी ओवी झोपलीय. सात महिन्यांची आहे. झोपते वीस मिनिटं, कधी पंचवीस. इथं डिलाईल रोडच्या खोलीत माझा रिकामा वेळ म्हणजे तेवढाच, आणि त्यातला पण अर्धा तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चाललाय ना ते बघण्यात जातो. मी पहिल्यापासूनच घाबरट. कुत्र्याला घाबरायची, पेपरला घाबरायची, जिन्यातल्या दिव्याला घाबरायची. नववीत गणिताच्या पेपरला हात असे थरथरले की पेन सुटून पुढच्या मुलीच्या बाकाखाली गेलं आणि ते मागायची पण हिंमत झाली नाही, तशीच बसून राहिले. नापास झाले आणि परत शाळेत गेलेच नाही. त्याच वर्षीची गोष्ट आहे ही.

पप्पा लोअर परळला एका टॉवरमध्ये लिफ्टवर होते. दिवसभर स्टुलावर बसायचं, बटणं दाबायची, वर जायचं, खाली यायचं. लोकांना वाटायचं काय कंटाळवाणं काम. पप्पा म्हणायचे, अगं, एवढ्या जवळून चेहरे बघायला कोणाला मिळतात? लिफ्टमध्ये सगळे आकडे बघत असतात, माझ्याकडं कोणी बघत नाही, मग मी आरामात बघतो. कोणाच्या हनुवटीखाली सावली कशी पडते, दाढी केल्यावर गाल कसा निळसर दिसतो, रडून आलेल्या बाईचं नाक कुठून लाल होतं. घरी आले की जेवताना ताटाच्या कडेला बोटानं आमटीच्या रश्श्यानं कान काढायचे. नुसता कान. आई ताट ओढून घ्यायची.

कारण पप्पा रांगोळी काढायचे. दारातली ठिपक्यांची नव्हे. माणसांचे चेहरे काढायचे, कॉटएवढे मोठे, जमिनीवर, आणि असे की बघणारा म्हणायचा, फोटो चिकटवलाय काय. त्यांचा आठ-दहा जणांचा ग्रुप होता. एक टेलर, एक कंडक्टर, एक हॉस्पिटलात वॉर्डबॉय, आणि सगळ्यांत म्हातारे नार्वेकर काका, रिटायर्ड, ते नुसते बोलायचे. वर्षभर हे लोक आपापली कामं करायचे आणि दिवाळी आली की रजा टाकून जवळच्या शाळेच्या मोठ्या वर्गात जाऊन बसायचे. सुट्टी असायची शाळेला. खिडक्यांना आतून पेपर चिकटवायचे, पंखे बंद, दारात ओलं पोतं, धूळ येऊ नये म्हणून. तीन दिवस पोटावर आडवे पडून रांगोळी भुरभुरवायची, मग दहा दिवस प्रदर्शन, लोक रांग लावून बघायला यायचे, आणि अकराव्या दिवशी ज्यानं काढली त्यानंच ती झाडायची. हा नियम होता त्यांचा. दुसऱ्याच्या चित्राला झाडू लावायचा नाही.

आणि बरोबर त्याच दिवसांत आमच्या घरी आईच्या फराळाच्या ऑर्डरी. खोली केवढी, तर दोन माणसं एकदम वळली तर एकाचं कोपर दुसऱ्याला लागणार, आणि त्यात मोठी कढई, दोन स्टोव्ह, चिवड्याचे पोहे वर्तमानपत्रावर पसरलेले, कॉटवर शंकरपाळ्या, माझी झोपायची चटई अनारशांच्या पिठाखाली. पहाटे मी उठायची ती तळण्याच्या आवाजानं, तो चर्र आवाज आणि मध्येच सोऱ्याचा कटकट आवाज, आईच्या दंडाची शीर फुगायची चकली पाडताना. भाजणीचा वास तर केसात असा बसायचा की दोनदा न्हाऊन पण जायचा नाही. गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस डोकावून म्हणायचा, काय वहिनी, टेस्टला काय? आई म्हणायची, टेस्टला माझी बोलणी आहेत, घ्या किती पाहिजेत ती.

मग पप्पा कॉटखालून डबे काढायला लागले की आईची सुरुवात व्हायची.

"निघाली स्वारी. बायका दारात रांगोळी काढतात, आमच्याकडं पुरुष शाळेत जाऊन काढतो. शाळेत असताना जायचं होतं ते आता जातो."

"अगं तीनच दिवस."

"तीन दिवस! त्या तीन दिवसांत मी चारशे चकल्या पाडते. एकदा येऊन सोऱ्या धरा म्हटलं तर हात दुखतात. तिकडं बरे दुखत नाय?"

पप्पा डबे पिशवीत भरायचे, एकेक, आवाज न करता, जसं काही चोरून नेतायत. आई कधीच प्रदर्शन बघायला आली नव्हती. एकदा पण नाही. अख्खी चाळ जाऊन यायची, खालच्या दुकानातला भैय्या जाऊन यायचा, आई नाही. तिला वेळच नव्हता, हे आता मला कळतं. पप्पांचा जो छंद होता तो आईच्या वेळातून कापलेला होता. पण ते तेव्हा कोणाच्या डोक्यात येत होतं.

त्या वर्षी मात्र भांडण वाढलं. आईचा हात तेलात भाजला होता, पट्टी बांधून ती तळत होती, आणि पप्पांनी पिशवी काढली. आईनं झारा खाली ठेवला. ओरडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "हे शेवटचं वर्ष. पुढच्या दिवाळीला हे डबे मला घरात दिसले तर मी रस्त्यावर ओतीन."

पप्पा खाली मान घालून म्हणाले, "एकदा येऊन बघ. उद्घाटनाला ये, पाच वाजता. बघून झाल्यावर तू सांग बंद कर, मी बंद करतो. डबे मीच ओततो. पण न बघता सांगू नको."

आईनं झारा परत उचलला. "येईन," म्हणाली, "चकल्या संपल्या तर." आणि माझ्याकडं झारा करून, "हिला पण घेऊन जा तिकडं. घरात नुसती भिंतीला चिकटून बसते. तेवढाच मला रस्ता मोकळा."

अशी मी पहिल्यांदा त्या वर्गात गेले, आणि खरं सांगते, मला देवळात गेल्यासारखं झालं. एवढी मोठी माणसं, मिशावाले, पोट सुटलेले, सगळी जमिनीवर पालथी, आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही. बोलायचं तर तोंडावर हात धरून. नार्वेकर काका दारात स्टूल टाकून बसलेले, मला बघून कुजबुजले, "नाव काय गं तुझं? पल्लवी? शिंक आली तर पल्लवी, बाहेर. खोकला आला तर बाहेर. जांभई चालेल, पण आतल्या आत." टेलर काका एका सिंहाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका टाकायला अर्धा तास नुसते बघत बसले होते. मग एक चिमूट, अंगठा आणि बोट असं नुसतं चोळलं, आणि सिंहानं माझ्याकडं बघितलं. मी मागं सरकले. हसू नका, खरंच सरकले.

पप्पांनी आपल्या जागेवर पेपर उलगडला. त्यांनी मोबाईलमधला एक फोटो मोठा छापून आणला होता, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या. मी बघितलं तर आई. मागच्या दिवाळीतली. दोन घाण्यांच्या मध्ये खिडकीशी टेकून बसलेली, पदर खांद्यावरून ओघळलेला, डोळे मिटलेले पण झोपलेली नाही, डाव्या कानशिलावर थोडं भाजणीचं पीठ. पप्पांनी कधी काढला कोणाला माहीत. आईला तर माहीतच नव्हतं. दरवर्षी हे लोक पुढाऱ्यांची, देवांची, वाघसिंहांची चित्रं काढायचे आणि पप्पांनी त्या वर्षी आईला काढायचं ठरवलं होतं.

"ती बघायला येणार आहे ना," पप्पा म्हणाले, "मग तिला तीच दाखवू."

तीन दिवस मी बाजूला बसून रंग चाळून दिले. पांढरी रांगोळी चहाच्या गाळणीतून, मग लेक कलर, म्हणजे रांगोळीत मिसळायची रंगाची पूड, मग कागदावर मिसळून शेड. पप्पा वरून खाली यायचे, आधी खिडकी, मग केस, कपाळ. एकदा टाकलेलं परत उचलता येत नाही, चुकलं तर त्याच्यावर दुसरं टाकायचं, बस. पप्पा लाकडी फळी दोन बाकांवर आडवी टाकायचे, तिच्यावर पालथे पडायचे आणि खाली हात सोडायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पदराच्या शेवटच्या सुरकुतीत करडा भरला आणि उठले. आई जमिनीवर बसली होती. मला वाटलं आता डोळे उघडून म्हणेल, काय गो, स्टोव्ह बारीक केलास?

तीन वाजले होते. सगळे आंघोळीला, कपडे बदलायला घरी गेले. पप्पांची ती जाड फळी टेलर काकांच्या ओळखीच्या सुताराची होती, ती त्यानं परत नेली. दोरी बांधून झाली, समई ठेवली, टेबलावर उद्घाटनाचं ताट, नारळ, फुलं, हळदकुंकवाचं पंचपाळं. नार्वेकर काका बाहेर चहाला गेले. मला सांगितलं, दारात बस, कोणाला आत सोडू नको.

आणि मी एकटी राहिले, आणि मला भीती वाटायला लागली. त्या बंद खोलीत जमिनीवर आई डोळे मिटून, आणि हलत नाही. बघत राहिले तशी ती जास्तच शांत दिसायला लागली. आणि मला आठवलं की आपण हळदकुंकू टाकलंच नाही. आई रोज सकाळी उंबऱ्याशी रांगोळी काढायची, दोन बोटं स्वस्तिक का असेना, आणि मध्यभागी हळदकुंकवाची चिमूट टाकल्याशिवाय उठायची नाही. मी कधी विसरले तर ओरडायची, "बोडकी ठेवू नको गो तिला, घरच्या बाईवर येतं." घरच्या बाईवर येतं. आणि इथं तर रांगोळीच घरची बाई. मोठ्या माणसांना, पुरुषांना, हे कुठं माहीत असणार, ते चित्र काढतात. पण मला तर माहीत होतं. मला माहीत असून मी नाही टाकलं आणि आईला काही झालं तर? भाजलेला हात डोळ्यासमोर आला. मी उठले, पंचपाळ्यातून एक चिमूट हळद, एक चिमूट कुंकू घेतलं, दोरीच्या आत वाकले. आई नेहमी मध्यभागी टाकायची, म्हणून मी पण मध्यभागी टाकायला हात लांबवला, पुरेना, अजून लांबवला, आणि पाय सरकला. पडले नाही. दोरीनं धरलं. पण चिमूट सुटली ती उडून पडली आईच्या तोंडावर. हळद हनुवटीवर. आणि कुंकू गालावर, डोळ्यापासून ओठापर्यंत, असं वाटत होतं कोणीतरी आईला मारलंय आणि रक्त आलंय.

मी भिंतीशी जाऊन बसले आणि गुडघ्यात डोकं घातलं. किती वेळ ते आठवत नाही. मग चपलांचा आवाज, पप्पांचा. नवीन शर्ट, केस ओले. ते आत आले, दोन पावलं टाकली आणि थांबले. मग नार्वेकर काका मागून आले आणि तोंडावर हात न धरताच बोलले, "अरे देवा! कोणी केलं रे हे?"

मी बोट वर केलं. शाळेत करतात तसं.

पप्पांनी नुसतं विचारलं, "का?" मी सांगितलं, बोडकी राहिली होती म्हणून, आईवर येईल म्हणून. नार्वेकर काका कपाळाला हात लावून म्हणाले, "साडेतीन वाजले, पाचला पाहुणे. चादर टाक, सांगू आजारी पडलास. पुढच्या वर्षी बघ." पप्पा म्हणाले, "पुढचं वर्ष नाय, काका. ती आज येणार आहे." आणि ते त्या गालाकडं बघत राहिले, जसे आकडे बघणाऱ्या माणसांकडं बघायचे तसे. मग वर्गाच्या कोपऱ्यात टेलर काकांची इस्त्रीची पातळ फळी होती ती उचलली, दोन बाकांवर टाकली, हातानं दाबून बघितली. मध्ये वाकली. पप्पा पालथे पडले असते तर फळी सरळ आईच्या नाकाला टेकली असती.

"पल्लवी, चढ."

"मी?"

"माझं वजन बघ आणि तुझं बघ. चढ."

"पप्पा, माझे हात थरथरतात."

"थरथरू दे. चाळणी हलवायला तेच लागतं."

मी चढले. पप्पांनी माझे दोन्ही घोटे धरले आणि नार्वेकर काकांनी फळीचं टोक. खाली बघितलं तर आई नव्हतीच. मी खरं सांगते, ते मी अजून विसरले नाही, अजून डोळे मिटले की दिसतं. लांबून जी आईची कातडी होती ना, जवळून तिथं नुसते कण होते. गालात हिरवा होता. कानाखाली जांभळा. नाकाच्या कडेला निळा, ओठात राखाडी. डोळ्यांखाली जे काळं होतं ते काळं नव्हतंच, त्यात पाच रंग होते, एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी पडलेले. एवढं सगळं पप्पांनी बघितलं होतं? रोज ताट ओढून घेणाऱ्या, टोमणे मारणाऱ्या बाईत एवढं? मी कुजबुजले, "पप्पा, इथं हिरवं आहे."

"मग? तुला काय वाटलं, तुझी आई एकाच रंगाची आहे?"

मग त्यांनी खालून कागदाच्या पुड्या दिल्या, एकेक. आधी गाळणीतून पांढरी, नुसती धूर पसरावा तशी. मग विटकरी, चिमटीत, अंगठा बोटावर चोळून. "सोडू नको, चोळ. पीठ मळून झाल्यावर बोटाचं पीठ काढतो तसं." हनुवटी झाली. हळद लपली. पण कुंकू लबाड. वरून टाकलं की खालून गुलाबी वर येई, परत टाकलं की परत येई, आणि जाड थर झाला तर तिथं सूज आल्यासारखं दिसायला लागलं. घड्याळात सव्वाचार. माझ्या नाकाच्या टोकावर घाम जमा झाला, आता थेंब पडणार आणि आईच्या डोळ्यात भोक पडणार, मी मान फिरवून खांद्याला नाक पुसलं आणि रडायला आलं. "नाही होत, पप्पा. लालच राहतंय."

पप्पा म्हणाले, "कानशिलावर काय आहे?"

"पीठ."

"ते खाली आण. गालावर आण. हात फिरवला असेल तिनं तोंडावरून, चकली पाडता पाडता. चार बोटं रुंद. घाबरू नको, तुझ्या आईचा हात तुला माहीत आहे ना?"

होता माहीत. मी डोळे मिटले, आई कसा मनगटानं घाम पुसते ते बघितलं, कानापासून ओठाकडं, आधी जोरात मग हलकं. डोळे उघडले आणि पांढरी भुरभुरवली. जाड, मग विरळ, मग नुसती असल्यासारखी. आणि कुंकू गेलं. म्हणजे खालीच होतं, पण आता ते गालाचा ताप वाटत होतं, कढईसमोर बसून आलेला. मी श्वास घेतला तेव्हा कळलं की घेतलाच नव्हता. पप्पांनी घोटे धरून मला मागं ओढली, पीठ भरलेल्या पोत्यासारखी, आणि मी उभी राहिले तर आई परत जमिनीवर बसली होती. डोळे मिटून. गालाला पीठ. आणि ते पीठ मी लावलं होतं, नववी नापास. माझे हात बघितले. थरथरत होतेच.

आई पाचच्या ऐवजी साडेपाचला आली. लग्नात नेसायची साडी, हाताला पट्टी, अंगाला तळणाचा वास. दारात नार्वेकर काका म्हणाले, "या वहिनी, इतकी वर्षं वाट बघतोय." आई म्हणाली, "नाटकं नकोत काका, पातेलं भिजत ठेवून आलेय." पण आत आली आणि सिंहाजवळ थबकली. मग एक साधू होता त्याच्या दाढीजवळ वाकली, "हे फोटो चिकटवलेत ना?" म्हणाली, आणि हात पुढं केला, काकांनी धरला. मग गर्दी होती तिथं आली. लोक दोरीला रेलून उभे होते. आईनं दोन खांद्यांमधून बघितलं.

"कोण बाई ही?" ती मला हळूच म्हणाली. "दमलीय बिचारी."

मी पप्पांना शोधलं. पप्पा पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, मी उभी राहते तसे. मग आईनं खिडकीचा गंजलेला गज बघितला असेल, नाहीतर साडीचे काठ. तिचा हात वर आला आणि तिनं स्वतःचा गाल पुसला. मनगटानं, कानापासून ओठाकडं.

"एवढं पीठ लागलं होतं गालाला," ती म्हणाली, "आणि कोणी मला सांगितलं पण नाय?"

मग मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, हळद, कुंकू, पाय सरकला, फळी, पीठ. आई ऐकत होती आणि चित्राकडं बघत होती.

"अगो येडे," ती म्हणाली, "तोंडावर कोण टाकतं? पायाशी टाकायचं."

"वहिनी," नार्वेकर काका म्हणाले, "पाय काढलेच नाहीत त्यानं."

आई हसली. हसता हसता तोंडाला पदर लावला आणि तो लवकर काढला नाही. पप्पा जवळ आले. म्हणाले, "बघितलंस ना? आता सांग. बंद करू?" आईनं पदर खाली केला. त्यांच्याकडं न बघताच बोलली, "आपली खिडकी एवढी चांगली आहे होय? मला कधी दिसली नाय." मग पदर खोचत, "पुढच्या वर्षी आधी चारशे चकल्या पाडून द्यायच्या. दोघांनी. मग कुठं जायचं तिथं जा."

पप्पांनी पाडल्या पण, पुढच्या वर्षी. वाकड्यातिकड्या. मी पण त्यांच्यासोबत रांगोळीला बसले, ते वेगळं सांगेन कधी, ओवी चुळबुळ करायला लागलीय.

पण अकरावा दिवस राहिला. दहा दिवस लोक येऊन गेले, आई पण तीनदा येऊन गेली, कोणाला न सांगता, भाजी आणायला जाते म्हणून. शेवटच्या संध्याकाळी तर पप्पांच्या आणि माझ्यासोबत उघडच आली. ज्यानं त्यानं आपलं झाडलं. टेलर काकांनी सिंह झाडला, दोन मिनिटांत जमीन. वॉचमन दारात चावी वाजवत होता, आटपा, शाळा धुवायची आहे. पप्पांनी झाडू घेतला आणि आईनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. नार्वेकर काका म्हणाले, "वहिनी, नियम आहे, ज्यानं काढली..." आई म्हणाली, "माझं तोंड आहे. मी झाडीन." नार्वेकर काका बाजूला झाले.

तिनं खिडकीपासून सुरुवात केली. मग भिंत. मग पदर, काठ, खांदा, सगळं कडेकडेनं आत आत आणत. रंग एकमेकांत मिसळून झाडूपुढं राखाडी होत चालले. केस गेले, मान गेली. चेहरा तेवढा राहिला, नुसता, परातीएवढ्या जमिनीवर, डोळे मिटलेला. आईनं झाडू उचलला आणि तसाच धरून उभी राहिली.

"चला ना ताई," वॉचमन ओरडला.

"थांब रे," आई म्हणाली. आणि झाडू बाजूला ठेवून तिथंच जमिनीवर मांडी घालून बसली, आपल्याच चेहऱ्यासमोर. "पाच मिनटं बसू दे तिला अजून."

पप्पा बसले. मी बसले. वॉचमन काय चाललंय बघायला आत आला, वाकून बघितलं, आणि चावी खिशात टाकून, चपला काढून भिंतीला टेकून उभा राहिला.